पस्तीस मिनिटांवरचं सासर

लग्नाच्या बोलणीत त्याने एकच बढाई मारली आणि तीच पुढे त्याच्या अंगाशी आली. मुलीची आई लेकीला लांब द्यायला तयार नव्हती. दोन गावांच्या मधे डोंगर; गाडीने वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. तेव्हा नवरदेव छाती काढून म्हणाला, "लांब कसलं? सरळ रेषेत दोनशे किलोमीटरही भरत नाही. विमानाने पस्तीस मिनिटं. चहा गार व्हायच्या आत लेक तुमच्या दारात."

तो एका छोट्या विमान कंपनीत वेळापत्रकं आखायचा, त्यामुळे शब्दाला वजन होतं. सासूबाईंनी होकार दिला. चहाला कोणी कोणाकडे यायचं, हे तेवढं बोलणीत राहून गेलं.

लग्न झालं आणि दर शुक्रवारी संध्याकाळी सासूबाई दारात. कर्मचाऱ्याच्या नातेवाइकांना तिकिटात सवलत असते, हेही त्यानेच उत्साहाच्या भरात सांगितलं होतं. रविवारी त्या परत जाईपर्यंत स्वयंपाकघरातले डबे जागा बदलत, त्याची वाचायची खुर्ची खिडकीतून उचलबांगडी होऊन भिंतीला लागे. एकदा त्याचा आवडता स्वेटर फरशी पुसताना दिसला. त्याने बायकोकडे कुरकुर केली.

"आई काय रोज येते का?" ती म्हणाली. "आणि पस्तीस मिनिटं कोण म्हणालं होतं?"

घरात डाळ शिजेना, तसा गडी ऑफिसातल्या टेबलाकडे वळला. संध्याकाळचं विमान त्याने पहाटे पाचवर नेलं. कारण दिलं, धावपट्टीवर गर्दी होते. त्या धावपट्टीवर विमानांपेक्षा बगळेच जास्त उतरत. पण साहेबांनी न वाचता सही केली.

पुढच्या शुक्रवारी उजाडायच्या आत बेल वाजली.

"जावईबापू, वेळ बदलली ते फार बरं झालं," सासूबाई चपला काढत म्हणाल्या. "माझा दिवस फुकट जायचा. आता अख्खा शुक्रवार हाताशी."

मग मात्र त्याने ठेवणीतलं अस्त्र काढलं. सरळ जाणारं विमानच बंद केलं. आता आधी राजधानीला उतरायचं, तिथे बाकावर ताटकळायचं आणि मग दुसरं विमान पकडायचं. पस्तीस मिनिटांचे पाच तास झाले. बैठकीत त्याने नकाशावर काठी फिरवून 'विकासाचा त्रिकोण' समजावून सांगितला. साहेबांना विकासही आवडायचा आणि त्रिकोणही. टाळ्या पडल्या.

दोन शुक्रवार कोणी आलं नाही. त्याने खुर्ची पुन्हा खिडकीत ओढली आणि पाय पसरून बसला.

तिसऱ्या शुक्रवारी सासूबाई आल्या. बरोबर दोन बॅगा आणि शिवणयंत्र.

"एवढी हाडं खिळखिळी करून यायचं आणि दोन दिवसांत परत फिरायचं, हे काही मला झेपायचं नाही," त्या लेकीला म्हणाल्या. "आता आलेच आहे तर राहते तीन-चार महिने."

बायकोला आनंद झाला. जावयाने बॅगा आत नेल्या. त्या जड होत्या.

सोमवारी तो साहेबांच्या पुढ्यात उभा राहिला. "सर, सरळ विमान परत सुरू करू या. लोकांचे फार हाल होताहेत."

"हाल?" साहेब हसले. "अहो, विमानं भरभरून जाताहेत. एका तिकिटाच्या जागी लोक दोन तिकिटं काढतात आणि वर मधल्या वेळात आपल्याच दुकानात खातात. तुमचं डोकं मानलं पाहिजे." त्यांनी त्याला बढती दिली, स्वतंत्र केबिन दिली आणि आणखी चार सरळ मार्ग वाकडे करायला सांगितले.

घरी येऊन त्याने ही बातमी पडेल आवाजात सांगितली. सासूबाईंनी शिवणयंत्र थांबवलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, मुलगा कर्तबगार आहे. केबिनला खिडक्या किती?"

"दोन," तो म्हणाला.

"मग उद्या मापं घेऊन या," असं म्हणून त्यांनी गळ्यातली टेप काढून त्याच्या हातात दिली. "पडदे मी शिवते."