तिसऱ्या मजल्यावरचा सांधा

मित्रांनो, मी एक जुना गॅसचा पाइप आहे. सध्या कापलेल्या अवस्थेत अक्कम्माच्या गॅलरीत पडून आहे. भंगारवालाही मला विचारत नाही.

सोलापुरातल्या एका चार मजली इमारतीत मी तळापासून वरपर्यंत उभा होतो. बसवला तेव्हा बायकांनी मला हळदकुंकू लावले. पुढे त्याच माझ्या आडव्या फाट्यांवर ओले पंचे वाळत घालू लागल्या. कौतुक संपले की माणसे हेच करतात. पाणी मुरून तिसऱ्या मजल्यावरचा माझा सांधा गंजला आणि तिथून मी गळू लागलो.

तिथे अक्कम्मा एकटीच राहायची. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकायची. वास पहिल्यांदा तिलाच आला. ती इमारतीचे चेअरमन मल्लिनाथ यांच्याकडे गेली.

"अण्णा, पायपाचा वास येतोय की. लई येतोय."

"दिवसभर लसूण कुटता तुमी, आन् नाव पायपाला?"

जिन्यातले सगळे हसले. मला फार राग आला. मला तोंड नाही; वास हीच माझी हाक होती.

तेवढ्यात गॅस कंपनीकडून सक्तीच्या तपासणीची नोटीस आली. मल्लिनाथांच्या मुलीचा, आरोहीचा, साखरपुडा दोन दिवसांवर होता. गळती सापडली तर साऱ्या इमारतीचा गॅस बंद होणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी माझ्या गंजावर पिवळा रंग फासला. तपासणीच्या सकाळी अक्कम्माच्या दाराला गुपचूप बाहेरून कडी घातली.

तपासनीस फरहानने साबणाचे पाणी लावून खालचे सांधे नीट पाहिले. वर जायला निघाला, तेव्हा अक्कम्मा आतून दार बडवत होती.

"म्हातारी गावाला गेलीय," मल्लिनाथ म्हणाले. "आवाज व्हय? शेजारी चटणी कुटायलेत."

"बंद घरासाठी परत यावं लागतंय. नियम हाय."

"माज्या शब्दावर लिवा की. चला, चहा घ्या."

फरहानने 'कुठेही गळती नाही' असे लिहिले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या चांगुलपणाचा कुणाला काय उपयोग झाला?

तो गेल्यावर मल्लिनाथांनी कडी गुपचूप काढली आणि नंतर तो कागद अक्कम्माला वाचून दाखवला. कडी कुणी घातली हे तिला कळलेच नव्हते. तिने आपल्याच नाकाला दोष दिला आणि साखरपुड्याच्या भाकऱ्यांसाठी शेगडी पेटवली. भडका उडाला. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत जळाले. साखरपुडा ठरल्या वेळी झाला. भाकऱ्या दुसरीकडून आणल्या.

माझ्यासारख्यांची काळजी घ्या, तपासणीला दार उघडा, एवढे सांगून मी थांबणार होतो. पण कालचे सांगायलाच हवे.

काल मल्लिनाथ केळी आणि एक कागद घेऊन आले. "मदतीचा अर्ज हाय," म्हणाले. त्यात लिहिले होते की, शेगडीची कळ अक्कम्मानेच उघडी ठेवली होती. तिला वाचता येत नाही. हाताचे अंगठे पट्टीत होते, म्हणून मल्लिनाथांनी तिच्या पायाच्या अंगठ्याला शाई लावली आणि तो कागदावर दाबला.

अक्कम्मा ओशाळली. "कागदाला पाय लागला की, अण्णा," ती म्हणाली. "माफ करा."