आईच्या हंड्यातलं पाणी

मासळीचा वास आला तरी आंघोळ करणाऱ्या माणसाला मत्स्यखात्यात नोकरी मिळाली, हाच मुळात सरकारचा विनोद. त्यात मी रागीट, आणि स्वतःला भलताच शास्त्रज्ञ समजणारा. १९६२ साली बेंगळूरला माझ्याकडे काम आलं: भातावर फवारायच्या एंड्रिन या कीटकनाशकाने माशांची पिल्लं मरतात का, ते पाहा. मरत नसली तर आठवड्यात फवारणी. त्या शेतांच्या खालीच आमच्या शिपायाचं, देवाप्पाचं, तळं होतं. त्यातल्या पिल्लांवर त्याचं वर्षभराचं पोट होतं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून मी मल्लेश्वरमहून घरच्या विहिरीचं पाणी नेई. आईच्या तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं. याहून शुद्ध काय असणार?

एका बरणीत औषध, दुसरीत नुसतं पाणी. दोन्हीकडची पिल्लं आधी सैरावैरा धावली, मग सावलीलाही दचकेनाशी झाली, संध्याकाळी आडवी. मी ऐटीत लिहिलं, 'दोष औषधाचा नाही. पिल्लंच अशक्त.'

"पिल्लं चांगली आहेत, अण्णा," देवाप्पा म्हणाला.

"तू मला शिकवतोस?" मी खेकसलो.

दुसऱ्या दिवशी त्याने टेबलावर एक मडकं ठेवलं. त्याच खेपेतली दहा पिल्लं आत मजेत पोहत होती.

"पाणी तुमच्याच विहिरीचं, अण्णा. फक्त हंडा तुमचा नाही."

अरे देवा, तांबं! पाण्यात उतरलेल्या तांब्यानेच पिल्लं मारली होती. मडक्यांत पुन्हा प्रयोग केला. औषधातली दुपारपर्यंत मेली, साध्या पाण्यातली पोहत राहिली. माझा पहिला कागद अजून टेबलावरच होता. तो साहेबांकडे गेला असता तर देवाप्पाचं तळं मीच मारलं असतं.

नव्या अहवालात लिहिलं, 'पहिला प्रयोग रद्द. कारण, आईचा हंडा.' साहेब खो खो हसले आणि खात्यात मी कायमचा हंडेराव झालो. फवारणी मात्र थांबली.

महिन्याने देवाप्पाने तळं दाखवायला नेलं. त्याच्या बायकोने, यल्लव्वाने, लख्ख घासलेला तांब्याचा लोटा पुढे केला. "तुम्हाला चालेल असा एवढाच आहे," ती संकोचाने म्हणाली. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नको यल्लव्वा. तुम्ही पिता ते मडक्यातलंच दे."

तिने देवाप्पाकडे पाहिलं. त्याने स्वतः पाणी ओतून दिलं. मी घटाघट प्यालो.

आईला काही मी हे सांगितलं नाही.