तळहातावरच्या मुंग्या

आसगावच्या तलावात मी एकदा मासा धरला होता. त्याच्या पोटातून भैय्यालालची हरवलेली म्हैस निघाली, आणि तीही गाभण. ही गोष्ट मी गावात इतक्यांदा सांगितली की भैय्यालाललाही आता ती म्हैस आठवते. लोक हसले, मीही हसलो, कोणाचं काही बिघडलं नाही. पण एक दुपार अशी आली की मला खरं बोलावं लागलं, आणि नेमकी तेव्हाच ती म्हैस आडवी आली.

अठ्ठ्याहत्तर साल होतं. हलकं धान कापणीला आलेलं. माझ्या मोठ्या बहिणीची, जानकीची, सून शकुन बांधावरच पोट धरून खाली बसली. अंगावर अडीच महिन्यांचं पोर, तेही सोबत घेतलं. जानकीचा मुलगा, शकुनचा नवरा इश्वर, यानं बंडी जुंपली, पवनीहून आम्ही एसटी धरली आणि भंडाऱ्याला दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, अपेंडिक्स आहे, आत्ताच कापावं लागेल. कापलं. टाके मी गावात हातभर सांगतो; होते बोटाएवढेच.

शुद्धीवर आल्याबरोबर शकुननं पोर मागितलं. डॉक्टर म्हणाले, खुशाल पाजा. पण मधे जानकी उभी.

"भुलीचं औषध अंगात गेलं तिच्या. दूध नासलं असन."

"डॉक्टरसायेब सांगून राहिले ना, आई," शकुन म्हणाली.

"त्याले का लेकरं झाले? मले झाले. चार झाले, तीन राहिले."

त्या चौथ्याचं नाव जानकी कधी घेत नसे. ते तिचं पहिलं होतं. ती तापानं फणफणली असताना तिनं त्याला पाजलं आणि ते गेलं. कशानं गेलं कोण जाणे, पण जानकीनं तो दोष आपल्या दुधावर घेतला होता. म्हणून तिच्याशी भांडताही येत नव्हतं.

इश्वरनं शेळीचं दूध आणलं. कापसाचा बोळा पोराच्या तोंडात दिला की पोर ओकायचं. पहिल्या दिवशी ते असं रडलं की हायवेवरचे ट्रक हॉर्न वाजवून उत्तर द्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा आवाज मांजरीच्या पिलासारखा झाला. आणि दर आवाजासरशी शकुनचं पोलकं भिजत होतं. छाती दगडासारखी टणक झालेली. एका हातानं ती टाके दाबून धरी, दुसरा हात पोराकडे जाई आणि रिकामा परत येई.

"परीक्षा करतो," जानकी म्हणाली.

आमच्याकडे अंगावरच्या दुधाची शंका आली की ते वाटीत काढून त्यात मुंग्या सोडतात. मुंग्या जगल्या तर दूध चांगलं, मेल्या तर वाईट. जानकीनं खिडकीतली अल्युमिनमची वाटी घेतली, शकुननं तिच्यात चार थेंब पिळले. बुडायलाही पुरणार नाहीत एवढे. व्हरांड्याच्या खांबावरून मुंग्यांची रांग चढत होती. तिथून जानकीनं चिमटीत काही मुंग्या आणल्या. वाटीत पडल्या आणि जागीच आखडल्या. एकीनंही पाय हलवला नाही.

जानकीचा चेहरा मला अजून दिसतो. एका शब्दानं ती सुनेला बोलली नाही. पिशवीतून जुनं लुगडं काढलं आणि त्याची लांब पट्टी फाडायला लागली. छाती आवळून बांधायची, म्हणजे दूध आटून जातं. एकदा आटलं की संपलं.

फाडण्याचा तो आवाज ऐकला आणि मला वाटी आठवली. सकाळी झाडणारी बायजाबाई व्हरांड्यात माझी म्हैस ऐकत होती. ऐकता ऐकताच तिनं त्या वाटीनं बादलीत फिनेल ओतलं, फडक्यानं वाटी पुसली आणि खिडकीत ठेवून दिली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"जानके, थांब! त्या वाटीत फिनेल होतं. मुंग्या त्यानं मेल्या."

जानकीनं मान वर केली नाही. "काल तू म्हणत होता, इथले ढेकूण पेशंटचं नाव पुकारते."

"ते वेगळं. बायजाबाईले विचार."

"ते गेली गावाले. तुले माहीत आहे, म्हणूनच तिचं नाव घेऊन राहिला."

"मंग वास घे वाटीचा!"

तिनं घेतला. "साऱ्या दवाखान्यालेच हा वास आहे. सुखराम, माह्या नातवाच्या जिवावर तरी गप्पा नको हाणू रे."

इश्वर पोर घेऊन भिंतीशी उभा होता. "मामा, आता राहू द्या," तो म्हणाला. जन्मभर मी या माणसांना हसवलं होतं. आता त्यांच्यापुढे हात जोडून खरं सांगत होतो, आणि त्यांना त्यात म्हैसच दिसत होती. पोर रडायचं थांबलं. नुसते ओठ हलत होते.

तेव्हा शकुन बोलली. "मामाजी, इकडे पाहा. खरंच पाहिलं का?"

"खरंच, बाई."

"अन् म्हैस?"

घरादारासमोर मला कोणी हे विचारलं नव्हतं. "म्हैस नव्हती," मी म्हणालो. "मासाही नव्हता. फिनेल होतं."

शकुननं पाय खाटेखाली सोडले. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच उठत होती. जानकी धावली, पण तिनं सासूचा हात फक्त आधाराला घेतला. वाकून, टाके दाबून, दातांवर दात ठेवून ती व्हरांड्यात गेली आणि खांबाशी बसली.

"वाटी नको, काही नको," ती म्हणाली. "माह्या हातावर करा परीक्षा. मेल्या तर मी स्वतः पट्टी बांधून घेतो."

तिनं तळहाताच्या खळग्यात दूध पिळलं आणि हात रांगेजवळ टेकवला.

जानकी माझ्याकडे वळली. "तू तिकडे जाय. दूर. हात डोक्यावर ठेव. साखर-बिखर फेकशीन."

मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला हात डोक्यावर ठेवून, चोरासारखा बसलो.

मुंग्या हाताला वळसा घालून जात होत्या. शकुननं हात उचलला नाही. एक मुंगी अंगठ्यावर चढली, दुधाच्या काठाशी गेली, मिशा हलवल्या आणि आल्या वाटेनं परत फिरली.

"पाह्यलं? पळाली," जानकी म्हणाली. पट्टी तिच्या मुठीत होती.

"थांबा, आई."

इश्वरनं पोराच्या नाकाशी बोट धरलं. ती मुंगी रांगेत शिरली. कोणाकोणाच्या तोंडाला तोंड लावत गेली. मग रांग वाकली. माझ्या हिशेबानं भंडारा जिल्ह्यातल्या साऱ्या मुंग्या तिथे आल्या. पण खरं तेवढंच सांगायचं तर मूठभर असतील. काठाकाठानं डोकी खाली घालून प्यायला लागल्या. एकीनं शकुनला कडकडून चावा घेतला. शकुननं ओठ चावला, हात तसाच ठेवला.

पिऊन फुगलेली एक मुंगी खांबावर चढायला लागली. जानकी तिच्या मागे. नाक खांबाला लावून, टाचा उंचावून, ती मरते का ते पाहत राहिली. मुंगी चढत गेली आणि छताच्या फटीत शिरली. जानकी तरी तिथेच उभी. मग खाली बसली, सुनेच्या तळहातात बोट बुडवलं आणि चाटलं.

"गोड आहे," ती म्हणाली. आणि पुन्हा, कोणाला सांगत होती कोण जाणे, "गोडच आहे वो."

पट्टीची तिनं घडी घातली आणि शकुनच्या टाक्यांवर गादीसारखी ठेवली. इश्वरकडून पोर घेतलं. मांडीवर ठेवलं तर टाक्यांना लाथ बसणार. तेव्हा धानाच्या रोवणीला बाया पऱ्ह्यांची, रोपांची, पेंडी जशी काखेत धरतात, तसं तिनं ते शकुनच्या काखेत बसवलं. पाय मागे, तोंड पुढे.

पोर ओढेना. ओठ लागले, सुटले.

"घे रे राजा," शकुन म्हणाली. जानकीनं एक थेंब त्याच्या जिभेवर पिळला. पोरानं तो चाखला, विचार केल्यासारखं केलं, आणि तोंड उघडलं.

नंतर जे ओढलं, त्याबद्दल मी गावात सांगतो की व्हरांडा हातभर पुढे सरकला. तो आवाज मात्र साऱ्यांनी ऐकला, गुटुक गुटुक. शकुन रडत होती; टाके दुखत होते म्हणून, असं म्हणाली.

माझे हात अजून डोक्यावरच होते. जानकीचं लक्ष गेलं.

"खाली कर आता. अन् सांग, त्या माशाच्या पोटातून काय निघालं होतं?"

मी तिच्याकडे पाहिलं. डोळे पुसत होती, पण विचारत होती खरंच.

"म्हैस," मी म्हणालो.

"गाभण?"

"नाही. व्यायली होती. पारडू लुचत होतं तिले."