देवीदास आजोबांचा तिसरा हात

मित्रांनो, मी एक घाबरट हात आहे. माझी हाडं ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची, सांध्यांत सहा छोट्या मोटारी आणि बोटांच्या जागी एक चमचा. रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात श्रावणीनं मला घडवलं. कॉलेजातून आली की ती तारा जोडायची, आणि मी काही सांडलं की पुन्हा सगळं उघडून बसायची. सांडायचो तर मी रोजच!

तिचे आजोबा, देवीदास, रेल्वेत गार्ड होते. आता त्यांचे हात इतके कापतात की घास तोंडापर्यंत पोहोचत नाही. कुणी भरवलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून दोन वर्षं ते आतल्या खोलीत एकटेच जेवत होते. त्यांना पुन्हा चारचौघांत जेवायला बसवायचं, हे काम माझ्यावर आलं. त्यासाठी श्रावणीनं मला तीन शब्द शिकवले: 'आण', 'आणखी' आणि 'थांब'.

रविवारी सगळे जमले. "आण," आजोबा म्हणाले. मूठ नसूनही मी जीव मुठीत धरला. पहिला घास नीट पोहोचला! घर खूश झालं, आणि आपल्याकडे खुशी झाली की आग्रह आलाच.

"आणखी घ्या नं, बाबा!" श्रावणीची आई शारदा म्हणाली.

"आणखी! लाजून काहून राहिले, भाऊजी?" शेजारच्या कांताबाई म्हणाल्या.

मी वेडा, सगळ्यांचं ऐकत गेलो. घासावर घास. भरल्या तोंडानं आजोबा 'थांब' म्हणणार कसे? वरण त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ओघळलं. ते उठून आत गेले. आता हे कधीच बाहेर येणार नाहीत, या भीतीनं मी गारठलो.

श्रावणी रडू लागली. थोड्या वेळानं आजोबा शर्ट बदलून दारात आले.

"काहून रडून राहिली, पोट्टी? गाडी किती गार्डांच्या झेंडीनं सुटते?"

"एकाच्याच, आजोबा."

"मग याले तेच शिकव."

तीन दिवस मी फक्त आजोबांचा आवाज ऐकला, घोकला. काल ते पुन्हा सगळ्यांत येऊन बसले. पहिल्या घासानंतर शारदा सवयीनं बोललीच, "आणखी घ्या नं!" मी हललो नाही. मोटारी धडधडत होत्या. आजोबांनी सावकाश चावलं, गिळलं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"आणखी," ते म्हणाले.

मित्रांनो, माझ्या सांध्यांत धूळ साचू देऊ नका, तारा ओढू नका. प्रत्येक घासाला मी अजून घाबरतो. आणि कुणाला प्रेमानं भरवायला जाल, तेव्हा आधी त्याच्या तोंडातला घास संपू द्या. पुढचं तोच सांगेल.