दांडा उद्या बसवतो

मी नळी बोलतेय. पाण्याची नव्हे, सफरचंदाच्या पोटात शिरून त्याचा गाभा उपसून काढणारी. स्टीलची, वीतभर लांब, एका टोकाला दात असलेली. आयुष्यात धक्के पुष्कळ खाल्ले, पण या हंगामातल्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही.

पहिला धक्का जन्माचाच. मी एका लांब पाइपाचं शेपूट होते. आपल्यातून पाणी खळाळणार, एवढंच माझं स्वप्न. मिस्त्री नळजोडणीची कामं करायचे. एके दिवशी त्यांनी करवत काढली आणि मला कापून वेगळं केलं. त्यांची बायको, जिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणतात, ती घरी सफरचंदं वाळवून बेकरीवाल्याला द्यायला लागली होती. सुरीनं गाभा काढताना चकत्या फुटायच्या, म्हणून मिस्त्र्यांनी हा उद्योग केला. कानशीनं एका टोकाला सुबक दात पाडले. दुसरं टोक करवतीनं कापलं तसंच धारदार राहिलं. तेवढ्यात कुणाचा तरी नळ फुटल्याचा निरोप आला.

"दांडा उद्या बसवतो," म्हणाले आणि पिशवी उचलून गेले.

त्या उद्याला सव्वीस वर्षं झाली. गावभरच्या गळक्या तोट्या मिस्त्र्यांनी नीट केल्या, पण स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार. बाईनं माझ्या उघड्या टोकाला जुन्या कापडाची चिंधी गुंडाळली आणि कामाला लागली.

बाईची निवड बघण्यासारखी असते. लालभडक, मोठ्या, चकचकीत फळांकडे ती ढुंकून बघत नाही. वाळल्यावर त्यांचा कापूस होतो, असं तिचं म्हणणं. तिला लागतात लहान, कडक, जरा आंबट. देठापाशी अंगठा दाबून बघायचा, दबलं तर बाजूला. मार लागलेली फळं घरात खायला, भोक दिसेल ते थेट बादलीत. तरी एखादं हातून निसटायचं. मी मोठ्या ऐटीत आत शिरावं आणि समोर अळी! वरून कीर्तन, आतून तमाशा. इतकी वर्षं झाली, तरी मी दर वेळी तितकीच दचकते.

निवडून झालं की धुणं, सोलणं, मग माझी पाळी. फळ पाटावर उभं, मी देठावर उभी आणि माझ्या डोक्यावर बाईचा उजवा तळहात. ती अंगाचा सगळा भार टाकायची. कच्च करून गाभा माझ्या पोटात. मग चकत्या मिठाच्या पाण्यात, काळ्या पडू नयेत म्हणून, आणि तिथून काठीला ओवून खिडकीशी. हंगामात अशी टोपल्यांमागून टोपल्या फळं. त्या हाताशी माझं इतकं सख्य होतं की त्याची मला कधी काळजीच वाटली नाही.

या हंगामाच्या सुरुवातीला बाईच्या हातून कप पडला. दुसऱ्या दिवशी ताटली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं. दोघं डॉक्टरांकडे जाऊन आली. मिस्त्री शेजाऱ्यांना सांगत होते, त्यावरून मला कळलं. डॉक्टरांनी तळहाताच्या कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं होतं, इथं सतत काय दाबता? बाई म्हणाली, काही नाही. नस दबलीय, हाताला पूर्ण विश्रांती द्या, बोटं पुन्हा जागी होतील किंवा होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

घरात टोपल्या येऊन पडल्या होत्या आणि बेकरीवाल्याला शब्द दिलेला होता. निवृत्त झालेले मिस्त्री बाह्या सरसावून म्हणाले, त्यात काय एवढं, मी करतो. बाई डाव्या अंगठ्यानं निवडून देऊ लागली. मिस्त्र्यांनी मला उचललं आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर ती मळकी चिंधी सोडून फेकून दिली. मग माझ्यावर हात ठेवला आणि दाबलं.

तिसऱ्या फळाला ते थांबले. त्यांनी तळहात उलटा करून बघितला. कोपऱ्यावर लालबुंद अर्धगोल उमटला होता, डॉक्टरांनी बोट ठेवलं होतं अगदी तिथंच.

माझ्या तर पायाखालची जमीन सरकली. पाय नसताना! म्हणजे मी? एवढी वर्षं ज्या हाताला मी आपला म्हणत होते, त्याची बोटं मीच मारली?

"हे असं लागायचं तुला?" मिस्त्र्यांनी तळहात बाईसमोर धरला.

"सुरुवातीला. नंतर कळायचं बंद झालं."

"अगं, मला सांगायचं."

"सांगायची ना. दर हंगामाला. तुम्ही म्हणायचात, उद्या."

मिस्त्री उठले. हत्यारांची पेटी आणली. माझ्या वरच्या टोकाला आरपार दोन भोकं पाडली, लाकडाची गोल दांडी घासून त्यातून आडवी बसवली, कडा कानशीनं गुळगुळीत केल्या. बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"अकरा मिनिटं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. मिस्त्री खाली बसले आणि तोंड ओंजळीत धरून रडले. ती सफरचंदं निवडत राहिली.

बेकरीवाल्याचा माल चार दिवस उशिरा, पण गेला. आता मला दांडा आहे. येणारे-जाणारे हातात घेऊन म्हणतात, वा, काय सोय केलीय मिस्त्र्यांनी! मिस्त्री तेवढ्यात काहीतरी शोधायला आतल्या खोलीत जातात.

मी पोलादाची. मला दाबत होती ती, मी कुठं तिला दाबत होते, अशी सबब मला सांगता आली असती. पण ती माझी मलाच पटत नाही. तुम्हाला एकच विनवणी. घरातल्या कुणासाठी कधी काही बनवलं असेल, तर जाऊन ते एकदा स्वतःच्या हातात धरा आणि अंगाचा भार टाकून बघा.

रोज सकाळी मिस्त्री बाईची करंगळी चिमटीत धरतात आणि विचारतात, "कळतंय?"

ती खिडकीकडे बघत विचारते, "धरलीत का?"