करारातली भाडेकरू

दादाने कर्ज काढून दुसरा फ्लॅट घेतला, तेव्हा त्याला शहाणपण शिकवणारी मीच. करसल्लागार बहीण घरात असताना परक्याला कशाला विचारायचं? हिशेब सरळ होता. भाडं कमी, व्याज जास्त, तो तोटा पगारातून वजा करायचा आणि वाचलेल्या करावर हप्ता कसाबसा निभवायचा. भाडेकरू मिळेना, म्हणून आईच तिथे राहायला गेली. भाडं मात्र बाजारभावाने घे, नाहीतर वजावट मिळणार नाही, हे मीच दादाला बजावलं. आई दर महिन्याला पेन्शन काढून त्याच्या हातात रोख देत असे.

आणि प्राप्तिकराची तपासणी लागली. पुरावा म्हणून फक्त दादाच्याच अक्षरातल्या पावत्या, म्हणून भाडेकरूला समक्ष बोलावलं. वजावट नाकारली तर तीन वर्षांचा कर दंडासकट भरावा लागणार, म्हणजे फ्लॅट विकायचा आणि या वयात आईने पुन्हा सामान बांधायचं.

कर कार्यालयाच्या लिफ्टमध्ये मी तिला दहादा सांगितलं, "आई, खरं तेवढंच सांग."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" ती म्हणाली.

अधिकारी बाई चांगल्या होत्या, तिथेच घात झाला. त्यांनी पाणी दिलं, मायेने विचारलं, "आजी, मुलाला भाडं देता का?"

आई ताठ बसली. "मुलाच्या घरात आईने कसलं भाडं द्यायचं? माझा मुलगा तसला नाही."

परक्या बाईपुढे मुलाची अब्रू राखायला ती धडधडीत खोटं बोलली होती. मी टेबलाखालून दादाला पाय मारला. ऐन वेळी याची दातखीळ बसते, याचा मला लहानपणापासून संताप आहे.

बाईंनी पेन उचललं. "असंच लिहू?"

"नका लिहू," दादा टेबलाकडे बघत म्हणाला. "मला कुणी वाईट म्हणू नये म्हणून बोलतेय ती. मी घेतो भाडं. निम्म्याहून जास्त पेन्शन त्यातच जाते तिची. पासबुक बघा, दर महिन्याला पैसे काढलेत."

आईचा चेहरा उतरला.

"आजी, खरं काय?"

"देते," ती हळू आवाजात म्हणाली. "पण त्याने मागितलं नव्हतं हो. मीच बळेच देते."

बाईंनी तेवढं लिहून घेतलं. वजावट वाचली होती, पण मला मान वर करवेना. मागितलं होतं. भाड्याचा करार मीच तयार केला होता, आणि आई चष्मा विसरली म्हणाली तेव्हा सहीची जागा बोट ठेवून मीच दाखवली होती.