सगळ्यांचा एकच पासवर्ड

पासवर्ड म्हणजे नसती कटकट, असं तुमच्या-आमच्यासारखंच त्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीतल्या ताईंचंही मत होतं. हातात रबरी मोजे, समोर रक्ताच्या पिशव्या. दर वेळी मोजे काढून कोण टाइप करत बसणार? म्हणून सकाळी ताई आपला पासवर्ड टाकायच्या आणि दिवसभर सगळे त्यावरच काम उरकायचे. कुणी घरून नोंदी बघायचं, तेही ताईंच्याच नावाने. वरच्या मजल्यावरच्या संगणक-सुरक्षा विभागाने कितीदा टोकलं! "त्यांना काय, दिवसभर पडदे बघत बसायचं," म्हणून ताई ते उडवून लावायच्या.

त्या दुपारी वरून फोन आला. विभागप्रमुख बाई बोलत होत्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे, म्हणून सगळे त्यांना घारबाई म्हणत.

"ताई, तुमच्या नावाने बाहेरून कुणीतरी आत शिरलंय. तुमच्यापैकीच कुणी आहे का?"

ताईंना सकाळची गोष्ट आठवली. सकाळी 'पासवर्डची मुदत संपतेय' असा ईमेल आला होता आणि त्यांनी घाईघाईत तिथे पासवर्ड भरला होता. मागाहून तो ईमेल खोटा असल्याची शंका आली, पण चारचौघांत शोभा नको म्हणून त्या गप्प बसल्या. आताही 'आमचाच असेल कुणी' हेच ओठांवर आलं.

"लवकर सांगा! तुम्ही सगळे एकाच नावाने वावरता, मी चोर कसा ओळखू? उगाच तुमचं कनेक्शन तोडलं तर ऑपरेशनचं रक्त अडेल. नाही तोडलं तर तो सगळं हॉस्पिटल बंद पाडेल."

ऑपरेशन थिएटरमध्ये एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिच्यासाठीच्या पिशव्या ताईंच्याच टेबलावर होत्या.

"बाई, पासवर्ड मीच दिला! फसले मी. तोडा!"

पुढच्या क्षणी रक्तपेढीतले सगळे पडदे काळे झाले. पण काय आश्चर्य! घारबाईंनी लगोलग थिएटरला निरोप धाडला होता, दाराशी पिशव्या न्यायला माणूस हजर होता. ताईंनी काचपट्टीवर हाताने रक्त जुळवलं आणि पिशव्या रवाना केल्या. बाळंतीण वाचली.

मग त्या वर गेल्या आणि दारातच खिळल्या. भिंतभर पडद्यांवर हॉस्पिटलचा एकेक संगणक दिसत होता. कोण आत आलं, कोणाला परत पाठवलं, सारं डोळ्यांदेखत! त्या उभ्या होत्या तेवढ्यातही कितीतरी अनोळखी येऊन धडकत होते आणि माघारी फिरवले जात होते.

"हे... रोज चालतं?"

"रोज. बसा ना," घारबाई म्हणाल्या. "आजचा चोर एकेका नोंदीला कुलूप घालत अतिदक्षता विभागाच्या दाराशी पोचला होता."

ताईंचे डोळे भरून आले. "तुमच्या जिवावर आम्ही निर्धास्त होतो, आणि तुम्हालाच नावं ठेवत होतो!"

"ताई, यंत्र हालचाल दाखवतं. ती कुणाची, हे माणसानेच सांगायचं असतं. फसायला काय, मीसुद्धा फसेन. पण सकाळीच सांगितलं असतंत तर तो उंबऱ्यावरच अडला असता."

दुसऱ्या दिवसापासून रक्तपेढीत प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा झाला. मोजे काढायला वेळ लागतो, लागू दे! ताईंनी सगळ्यांना जमवून आपली फजिती स्वतःच्या तोंडाने सांगितली, जराही न लपवता.

मंडळी, राखणदार कितीही डोळ्यांत तेल घालून बसले, तरी आपण लपवलेली चूक त्यांना दिसत नाही. ती सांगायला लाजू नका. तुम्ही गप्प बसाल तेवढा वेळ चोराला मिळतो, आणि तो वेळ कुणाच्या तरी आयुष्यातला असतो!